सैनिकाची साक्ष आणि शाळेचा वर्ग

सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील काही गावांत चावडीच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात बसविलेली एक लहानशी शिळा आढळते. त्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर किती माणसे गेली आणि त्यांपैकी कितीजण प्राणास मुकले, एवढे दोन आकडे तिच्यावर कोरलेले असतात. नावे नसतात. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव तर सैनिकांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. 'मिलिटरी अपशिंगे' हे नाव त्याला चिकटले. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ पुरुष कामी आले आणि साम्राज्य सरकारने त्याची नोंद म्हणून तेथे स्मारक उभारले. गेलेल्यांचा हिशेब सरकारने असा मांडला. परंतु जे परत आले त्यांचे काय? ते त्यानंतर तीस, चाळीस, काहीजण पन्नास वर्षे त्याच गावात जगले. त्यांनी जमीन कसली, मुलींची लग्ने केली, दुष्काळ सोसले आणि हिवाळ्याच्या रात्री शेकोटीभोवती बसून बसऱ्याच्या व फ्रान्सच्या गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टी कोणी लिहून घेतल्या नाहीत. सांगणारे गेले, ऐकणारेही गेले. शिल्लक राहिली ती शिळा आणि तिच्यावरील दोन आकडे.

दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची पिढीही आता जवळजवळ संपली आहे. त्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि त्यातील सुमारे ८७ हजार सैनिक मरण पावले. जे जगले त्यांच्यापैकी किती जणांना त्यांच्या नातवंडांच्या शाळेने एकदा तरी बोलावून विचारले असेल? आज १९६२ आणि १९६५ च्या युद्धांतील सैनिक ऐंशीच्या पलीकडे आहेत. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. ही माणसे अद्याप गावात आहेत, त्यांची स्मृती शाबूत आहे आणि त्यांच्या घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर आहे. आणखी दहा वर्षांनी असे म्हणता येणार नाही. म्हणून माजी सैनिकांच्या तोंडच्या आठवणी शाळेच्या वर्गात आणण्याचा प्रश्न केवळ शिक्षणतज्ज्ञांच्या परिसंवादांवर सोपवून भागणार नाही. श्रमिक वर्गाच्या इतिहासाचे एक मोठे दालन डोळ्यांदेखत बंद होत आहे आणि ते वाचविण्याची जबाबदारी त्या वर्गासाठी काम करणाऱ्यांवर येते.

सत्कार की साक्ष?

माजी सैनिक शाळेत कधी येतच नाही, असे नाही. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि अलीकडे २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाला त्याला सन्मानाने पाचारण केले जाते. त्याला शाल व श्रीफळ दिले जाते. सरपंच किंवा संस्थेचे अध्यक्ष त्याच्या शौर्यावर भाषण करतात. मग त्याला दोन शब्द बोलण्याची विनंती होते. तो संकोचाने शिस्तीचे महत्त्व सांगतो, घोषणा होतात, मुलांना खाऊ वाटला जातो आणि सर्वजण पांगतात. या सोहळ्यात सैनिकाच्या वाट्याला मान येतो, त्यात वाईट काहीच नाही. परंतु ज्याने पन्नास वर्षांपूर्वी बर्फात किंवा चिखलात रात्री काढल्या, ज्याने शेजारच्या खंदकातील मित्र गमावला, त्याला सोहळ्याच्या मंडपात काही सांगता येत नाही आणि त्याला कोणी काही विचारीतही नाही. त्याच्या आयुष्याचा अर्थ त्याच्या वतीने दुसरेच कोणी सांगून मोकळे होतात. सत्कार होतो, ऐकणे राहून जाते.

वर्गातील भेट याहून निराळी असली पाहिजे. तेथे सैनिक हा साक्षीदार म्हणून यावा आणि विद्यार्थ्यांनी त्याला प्रश्न विचारावेत. त्याच्या घरी जमीन किती होती? भरतीला तो कोणत्या वर्षी आणि कोणत्या कारणाने गेला? त्या वर्षी पाऊस झाला होता का? पहिला पगार किती मिळाला आणि घरी मनीऑर्डर कितीची गेली? पलटणीत जेवण कसे होते? गोळी पहिल्यांदा कानाजवळून गेली तेव्हा मनात काय आले? समोरचा माणूस कधी दिसला का? युद्धकैद्यांशी बोलणे झाले का? निवृत्त होऊन आल्यावर काम मिळाले का, पेन्शन वेळेवर लागली का? हे प्रश्न साधे आहेत आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सुचतील असेच आहेत. परंतु त्यांची उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

विशेष म्हणजे पाठ्यपुस्तकाचा याला विरोध नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थी इतिहासाच्या साधनांचा पाठ शिकतो. साधने तीन प्रकारची असतात, भौतिक, लिखित व मौखिक, हे तो पाठ करतो. मौखिक साधनांची उदाहरणे म्हणून ओव्या, पोवाडे, लोकगीते यांची नावे उत्तरपत्रिकेत लिहितो आणि गुण मिळवितो. पण शाळेसमोरच्या आळीत जो हयात 'मौखिक साधन' होऊन ओट्यावर बसलेला असतो, त्याच्याकडे जाण्याचे त्याला कोणी सुचवीत नाही. इतिहास म्हणजे दुसऱ्या कोणीतरी, दुसरीकडे कोठेतरी घडविलेली गोष्ट, ही समजूत अशी शाळेतच पक्की होते. आपल्या आजोबांच्या हातूनही इतिहास घडला आहे हे ज्या मुलाला कळत नाही, त्याला स्वतःच्या हातांचे सामर्थ्यही सहसा कळत नाही.

भरतीच्या रांगेत उभा असलेला विद्यार्थी

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती तातडीची आहे. माण, खटाव यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे. जिरायत जमिनीवर दोन भावांचे पोट भरत नाही, तेव्हा एक भाऊ पलटणीत जातो आणि त्याच्या मनीऑर्डरवर दुसऱ्याची शेती तगते, हे गणित या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. देशप्रेम खोटे नसते. परंतु देशप्रेम शहरातील धनिकांच्या मुलांनाही असायला हवे, आणि तरी भरतीच्या मैदानावर पहाटेपासून जी रांग लागते ती मुख्यतः शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांचीच असते. आज तालुक्याच्या गावांतून भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादम्या उभ्या राहिल्या आहेत. नववी-दहावीच्या वर्गात बसलेला मुलगा १६०० मीटर किती मिनिटांत धावता येईल याची चिंता करीत असतो. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने त्याच्यासमोर चार वर्षांची नोकरी ठेवली आहे. त्या मुदतीनंतर चौघांपैकी एकालाच कायम सेवेची संधी आहे. उरलेल्या तिघांना एकरकमी रक्कम घेऊन, पेन्शनविना घरी परतावयाचे आहे.

हा मुलगा ज्या व्यवसायात आयुष्य घालू इच्छितो त्याविषयी त्याला कोण सांगणार? चित्रपट सांगतात, दूरचित्रवाणीवरील आवेशपूर्ण चर्चा सांगतात आणि अकादमीच्या जाहिराती सांगतात. ज्याने ते काम वीस वर्षे केले तो मात्र गप्प असतो, कारण त्याला विचारले जात नाही. गिरणीत जाणाऱ्या मुलाला जुन्या गिरणी कामगाराने यंत्राचा धोका समजावून सांगावा, यात कोणाला काही गैर वाटणार नाही. सैन्यात जाणाऱ्या मुलाला जुन्या सैनिकाकडून त्या जीवनाचे कष्ट, त्यातील बंधुभाव, त्यातील भय आणि निवृत्तीनंतरची वणवण ऐकण्याचा तेवढाच अधिकार आहे. ऐकून तो भरतीला जाईल किंवा जाणार नाही. परंतु जे करील ते डोळे उघडे ठेवून करील.

पत्र, मिरी आणि तबकडी

सामान्य सैनिकाचा आवाज इतिहासात पोहोचणे किती अवघड असते, याचे उदाहरण पहिल्या महायुद्धानेच घालून दिले आहे. फ्रान्सच्या रणभूमीवर गेलेले बहुसंख्य हिंदी शिपाई निरक्षर होते. पत्र सांगायचे ते लेखनिकाला. लेखनिक लिहायचा ते वरिष्ठांच्या नजरेखालून जायचे. पुढे ते सेन्सॉर अधिकारी वाचायचे. आणि गावात आल्यावर ते दुसराच कोणी साक्षर माणूस वाचून दाखवायचा. इतक्या हातांतून गेलेल्या पत्रात मनातले काय उरणार? तरीही सैनिकांनी वाट शोधली. काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरात येत आहे, अशा आशयाचा मजकूर काही पत्रांतून जाऊ लागला. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. मरण किती स्वस्त झाले आहे ते गावाला कळावे आणि आणखी कोणी भरती होऊ नये, हा त्यातील संकेत. सेन्सॉरने नोंदवून ठेवली म्हणूनच अशी पत्रे आज वाचावयास मिळतात. ज्यांनी त्यांना बोलण्यापासून रोखले त्यांच्याच दप्तरात त्यांचे बोलणे टिकून राहिले.

दुसरे उदाहरण जर्मनीतील आहे. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फ येथे हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती. तेथे १९१५ ते १९१८ या काळात जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. हेतू भाषांच्या अभ्यासाचा होता. माणसाच्या दुःखाशी त्यांना कर्तव्य नव्हते. परंतु डिसेंबर १९१६ मध्ये मालसिंग नावाच्या पंजाबी शिपायाने त्या यंत्रासमोर स्वतःची कहाणी सांगितली: हिंदुस्थानात दूधलोणी खाणारा एक माणूस परक्यांच्या युद्धात सापडला आहे आणि त्याला घरी जावयाचे आहे. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात ती तबकडी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. दूरदेशीच्या छावणीत, परक्या कारणासाठी का होईना, एक आवाज वाचला. साताऱ्यात, कोकणात, नगरमध्ये स्वतःच्या गावी सुखरूप परतलेल्या हजारो जणांचा आवाज मात्र वाचला नाही. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत उपाशी लढून शरण जावे लागलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. वाळवंटातून चालविले गेलेले ते कैदी मरण, मजुरी आणि बंदिवास यांतून वाचून घरी आले तेव्हा त्यांनी काय सांगितले असेल, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

एकाच काळाचे तीन सैनिक

तोंडी इतिहास वर्गात आणला म्हणजे पाठ्यपुस्तकाचा सरळसोट रस्ता कसा फुटतो, हे १९४३ ते १९४६ या तीन-चार वर्षांवरून दिसते. या काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील तरुण एकाच वेळी तीन निरनिराळ्या रणांगणांवर होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मन सैन्याशी लढत होत्या. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तेथे धारातीर्थी पडले आणि नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर पराक्रम गाजविला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच सुमारास तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार ब्रिटिश सत्तेला आव्हान देत होते. त्याच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडविली होती. आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावरील खलाशांनी निकृष्ट अन्न व गोऱ्या अधिकाऱ्यांची मानहानिकारक वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. काही दिवसांतच सुमारे २० हजार खलाशी व ७८ जहाजे त्यात उतरली. मुंबईचा कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आला. सरकारी गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक ठार झाले. परळ येथे कमल दोंदे यांचा बळी याच गोळीबारात गेला.

एक सैनिक ब्रिटिश राजमुकुटासाठी लढला, दुसरा त्या राजमुकुटाविरुद्ध लढला आणि तिसऱ्याने राजमुकुटाचा गणवेश अंगावर असतानाच बंड केले. यांपैकी कोण देशभक्त होता? पाठ्यपुस्तक या प्रश्नाला टाळून पुढे जाते. पहिल्याच्या पराक्रमाची नोंद सैन्याच्या इतिहासात राहते, दुसऱ्याला एक परिच्छेद मिळतो आणि तिसऱ्याला चार ओळी. संपात भाग घेतल्याबद्दल नौदलातून काढून टाकलेल्या खलाशांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही. मुंबईत कुलाबा येथे त्यांचे स्मारक व्हावयास एकविसावे शतक उजाडले. या तिघांच्या आठवणी एका वर्गात एकत्र ऐकल्या असत्या तर विद्यार्थ्यांना कळले असते की, तिघेही शेतकऱ्याची किंवा कामगाराची मुले होती आणि भाकरी, मान व स्वातंत्र्य यांच्या ओढाताणीत त्यांनी तीन वाटा धरल्या. प्रतिसरकारातील वृद्ध सैनिकांच्या मुलाखती पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकाराने अगदी अखेरच्या घटकेस घेतल्या, म्हणून त्यातील थोड्याजणांची साक्ष तरी उरली. हे काम प्रत्येक गावच्या शाळेला चाळीस वर्षांपूर्वी करता आले असते.

सैनिकाच्या गोष्टीत जातीचा प्रश्नही येतो आणि तो येऊ दिला पाहिजे. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच तीन-चार वर्षांत ती मोडली. १९४१ मध्ये पुन्हा गरज पडली तेव्हा बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. रक्त हवे असेल तेव्हा स्पृश्यास्पृश्य नाही आणि युद्ध संपले की पुन्हा गावकुसाबाहेर, असा हा व्यवहार होता. तरीसुद्धा लष्करी छावणीतील शाळेने अस्पृश्यांच्या एका पिढीला अक्षरओळख दिली, हेही तितकेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षकही होते. छावणीने दिलेला गणवेश आणि गावाने नाकारलेले पाणी, या दोहोंचा अनुभव घेतलेल्या माणसांच्या घरांत ही स्मृती अजून जिवंत आहे. ती सर्व जातींच्या मुलांसमोर वर्गात बोलली गेली पाहिजे.

स्त्रियांची साक्ष तर आजवर कोणी साक्ष म्हणून मोजलीच नाही. सैनिक सीमेवर असताना त्याची शेती कोणी केली? महिन्याने आलेल्या पत्रातले शब्द पोस्टमनच्या तोंडून सर्वांसमोर ऐकताना त्या बाईला काय वाटले असेल? तार आली तेव्हा ती कोठे होती? पतीच्या मृत्यूनंतर कागदपत्रांसाठी तिने किती कार्यालयांचे उंबरठे झिजविले? युद्धाचा अर्धा भार स्वयंपाकघरात आणि बांधावर वाहिला जातो. सैनिकाला वर्गात बोलावताना त्याच्या पत्नीला, आणि तो हयात नसेल तर वीरपत्नीला, तेवढ्याच आदराने बोलाविले पाहिजे.

स्मृती चुकते, म्हणून ती टाकावी काय?

या कल्पनेवर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी विश्वसनीय नसतात. ते तारखा चुकतात, ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगतात आणि स्वतःचे काम मोठे करून सांगतात. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. अनेक वर्षांनी आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेथील कामगारांना विचारले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी तो मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचे सांगितले. साल चुकले होते. परंतु त्या चुकीतच एक सत्य दडले होते: आपल्या साथीचा मृत्यू आपल्या भाकरीच्या लढ्याशी जोडल्याशिवाय कामगारांच्या मनाला तो सोसवत नव्हता. कागदपत्रांवरून घटना कळली, चुकलेल्या आठवणीवरून त्या घटनेचा त्या माणसांसाठी असलेला अर्थ कळला.

विद्यार्थ्यांनी शिकावयाचे ते हेच. सैनिकाने सांगितलेली तारीख पुस्तकाशी, नकाशाशी, त्या दिवसांच्या वृत्तपत्राशी ताडून पाहावी. न जुळल्यास सांगणाऱ्याला खोटे ठरवू नये. का जुळत नाही याचा विचार करावा. दोन सैनिकांनी एकाच लढाईचे दोन निरनिराळे वर्णन केले तर दोन्ही लिहून ठेवावीत. छापील मजकूरसुद्धा कोणीतरी लिहिलेला असतो आणि त्यालाही असेच प्रश्न विचारावयाचे असतात, ही दृष्टी एकदा मुलाला आली म्हणजे त्याला कोणत्याही प्रचारकाला सहजासहजी फसविता येत नाही.

शिवाय काही ठिकाणी कागदच बंद कुलपात असतो. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्या युद्धात सुमारे चार हजार भारतीय जवान चीनच्या कैदेत गेले होते. ते परत आले आणि निमूटपणे जगले. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत शांतिसेना म्हणून गेलेल्या भारतीय सैन्याचे सुमारे १२०० जवान मरण पावले; परंतु त्या मोहिमेचा विजयदिन नाही, म्हणून तिच्यातून परतलेल्यांना बोलण्याचा दिवसही नाही. विजयाच्या युद्धांना सोहळे मिळतात. पराभवाच्या आणि अवघडलेल्या युद्धांतील सैनिकांना मौन मिळते. शाळेने या मौनाकडे आधी गेले पाहिजे.

युद्धज्वर वाढेल काय?

दुसरा आक्षेप पुरोगामी वर्तुळांतूनच येण्याचा संभव आहे. सैनिकाला वर्गात आणणे म्हणजे कोवळ्या मनांवर लष्करी वृत्तीचे संस्कार करणे नव्हे काय? वस्तुतः युद्धज्वर पसरवितात ते बहुधा युद्ध न पाहिलेले लोक. ज्याने ते पाहिले त्याच्या बोलण्यात थकवा असतो, मित्रांची नावे असतात आणि पुष्कळदा शत्रूविषयी एक अनपेक्षित समज असते. १९७१ च्या डिसेंबरात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. त्यांच्या छावण्यांवर पहारा देणाऱ्या जवानाने समोरच्या माणसाला जेवताना, पत्र लिहिताना, घरची आठवण काढताना पाहिले असणार. हा प्रश्न त्याला वर्गात विचारला जावा.

जपानचे उदाहरण येथे मोलाचे आहे. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबॉम्बमधून वाचलेल्या स्त्रीपुरुषांनी दशकानुदशके शाळकरी मुलांसमोर आपली कहाणी सांगितली. देशभरातील शाळांच्या सहली त्यासाठी हिरोशिमास येतात. हे साक्षीदार वृद्ध झाले तेव्हा २०१२ मध्ये हिरोशिमा नगरपालिकेने त्यांच्या आठवणी आत्मसात करून पुढे सांगणारे वारसदार तयार करण्यास आरंभ केला. या वाचलेल्यांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. बांगलादेशात १९९६ मध्ये ढाका येथे स्थापन झालेल्या मुक्तियुद्ध संग्रहालयाने शाळांतील मुलांना घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून १९७१ च्या आठवणी ऐकून लिहून पाठविण्यास सांगितले आणि त्यातून हजारो साक्षी गोळा झाल्या. त्या कोणा सरदाराच्या नाहीत; नदी ओलांडून पळालेल्या, लढलेल्या आणि आप्त गमावलेल्या साध्या माणसांच्या आहेत. त्याच युद्धात लढलेला भारतीय जवान मात्र आपल्या गावी अबोल बसून आहे.

काय करता येईल

या कामासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक खेड्यातील माजी सैनिकांची यादी गावकऱ्यांना तोंडपाठ असते. आठवी-नववीच्या वर्गाने आधी दोन तास त्या युद्धाचा नकाशा, वर्षे आणि कारणे समजून घ्यावीत आणि प्रश्न स्वतः तयार करावेत. भेटीच्या दिवशी दोघातिघांनी प्रश्न विचारावेत, इतरांनी टिपणे घ्यावीत. शिक्षकाच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण होऊ शकते. मात्र सांगणाऱ्याची संमती आधी घेतली पाहिजे आणि जे तो सांगू इच्छीत नाही ते त्याच्याकडून उकलून घेता कामा नये. कोणाला मारले का, असा प्रश्न मुलांनी उत्सुकतेपोटी विचारला तर उत्तर द्यायचे की नाही हे सर्वस्वी त्याच्यावर सोडावे. काही जखमा पन्नास वर्षांनीही ओल्या असतात. सैनिकी गुपितांची तर गरजच नाही. भूक, थंडी, मैत्री आणि भीती ही काही गुपिते नव्हेत. शेवटी मुलांनी लिहिलेल्या मजकुराची एक प्रत शाळेत, एक ग्रंथालयात आणि एक त्या सैनिकाच्या घरी राहावी. त्याच्या बोलीतले शब्द पुस्तकी करू नयेत.

अभ्यासक्रमाच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाला हे एकट्याने जमणार नाही, हे मान्य केले पाहिजे. येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी ग्रामीण कार्यकर्त्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांना विद्वानांनी कधी विचारले नाही, त्यांचे काव्य अशा रीतीने इतिहासात आले. जे ओव्यांबाबत झाले ते सैनिकांच्या आठवणींबाबत होऊ शकते. तालुक्यातील प्रत्येक शाखेने एक गाव आणि एक शाळा निवडली, मुख्याध्यापकांशी बोलून वर्षातून दोन भेटी घडविल्या, शिक्षक संघटनांना व माजी सैनिकांच्या संघटनांना त्यात घेतले, तरी पाच वर्षांत एक मोठे भांडार उभे राहील.

श्रमिकांच्या चळवळीने शेतकऱ्याची व कामगाराची दखल घेतली. पण गणवेश चढविलेल्या शेतकऱ्याकडे तिने पुष्कळदा दुरूनच पाहिले. तो राज्यसत्तेचा हात आहे, एवढ्यावर विचार थांबला. परिणाम असा झाला की, सैनिकाच्या नावाने बोलण्याची मक्तेदारी अशा लोकांकडे गेली ज्यांच्या घरातून कोणी सीमेवर गेले नाही. तेच त्याच्या बलिदानाचे भांडवल करतात आणि त्याच्या पेन्शनचा प्रश्न निघाला की हिशेबाची वही पुढे करतात. माजी सैनिकांना 'समान पद, समान निवृत्तिवेतन' या मागणीसाठी २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले, ही गोष्ट भाषणांत येत नाही. ती मुलांना सैनिकाच्याच तोंडून कळली पाहिजे.

डिसेंबर जवळ आला की १९७१ च्या विजयाच्या आठवणी सर्वत्र निघतील, हारतुरे होतील. त्या दिवशी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या एका वृद्ध जवानाचे नाव वहीत लिहावे आणि पुढच्या पंधरवड्यात त्याला शाळेच्या वर्गात नेऊन बसवावे. खुर्ची मुलांच्या बाकांच्या पातळीवर असावी, व्यासपीठावर नको. मग मुलांना विचारू द्यावे आणि त्याला बोलू द्यावे.